मास्टर सिलिंडर बदलण्याआधी

चोर्ल्याचा घाट उतरताना तुमच्या व्हॅनच्या ब्रेकचा पेडल मऊ होतो, दोनदा दाबला की वर येतो, आणि मेकॅनिक थेट मास्टर सिलिंडर (पेडल दाबला की ब्रेक ऑईल चाकांकडे ढकलतो तो) बदला म्हणतोय. दादा, जरा थांबा.

गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवून पेडल एकसारखा दाबून धरा. बाहेर कुठं गळत नसताना तो हळूहळू खाली बसत गेला, तर मास्टर सिलिंडरच्या आतले रबर गेले असणार. पण दुसऱ्या दाबाला पेडल उंच, घट्ट येत असेल तर आधी मागच्या ड्रमची ॲडजस्टमेंट बघा. शूवरचे लायनर झिजून शू ड्रमपासून लांब गेले की असंच होतं. स्पंजासारखा लागला तर लाईनमध्ये हवा.

आणि फक्त घाटातच मऊ, घाटाआधी कणकुंबीत चहा घेईपर्यंत ठीक, असं असेल तर ब्रेक ऑईल जुनं आहे. ते हवेतलं पाणी ओढतं. नवीन डॉट ३ जातीचं ब्रेक ऑईल साधारण २०५ अंशाला उकळतं, पाणी मुरलेलं १४० च्या आसपास. वाफ झाली की पेडल पोकळ. सेकंड गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर पाय ठेवून नको.

माझ्या व्हॅनला खानापुरात मास्टर सिलिंडर बदलला, दोन आठवड्यांत परत तेच. शेवटी मीच मागचा डावा ड्रम काढला. व्हील सिलिंडरचं (चाकातल्या शूंना ढकलतो त्याचं) रबरी बूट उचललं तर आतून ऑईलची धार, शू ओलेचिंब! तसे शू धुऊन परत घालू नका, दोन्ही बाजूंचे नवेच टाका.