गाडी तापते, हीटर थंड फुंकतो : खान्देशातल्या गाडीवाल्यांनो, अनुभव लिहा

राम राम मंडळी. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या वर गेला की रस्त्याच्या कडेला बोनट उघडून उभ्या गाड्या आपण सगळेच बघतो, आणि सल्ला एकच मिळतो, पाणी टाक अन् चाल. त्यानं इंजिनं खराब होतात, म्हणून हा धागा. गाडी कधी तापली, उभी असताना, घाटात का हायवेला, तेव्हा हीटर लावला तर हवा कशी आली आणि शेवटी काय निघालं एवढं नक्की लिहा, कारण हीटरमधून इंजिनचंच गरम पाणी फिरतं, तो खूप काही सांगतो.

माझ्यापासून सुरुवात. जुनी पेट्रोल गाडी, चाळीसगावहून कन्नड घाट चढताना तापमानाचा काटा वर जायला लागला, एसी बंद करून हीटर फुल केला (इंजिनची थोडी उष्णता तरी तिकडून निघते) तर हवा थंडगार! काटा वर आणि हीटर थंड म्हणजे पाणीच फिरत नाहीये, लगेच साईडला घेतली, इंजिन बंद. पूर्ण थंड झाल्यावर बघितलं तर रेडिएटरला जोडलेल्या जादा पाण्याच्या बाटलीत पाणी मार्कच्या वर आणि रेडिएटर अर्धा रिकामा. दोष रेडिएटरच्या झाकणाचा. झाकण साधारण १ बार दाब धरून ठेवतं, त्या दाबात पाणी १०० ऐवजी १२० च्या आसपास उकळतं, आणि गाडी थंड झाली की बाटलीतलं पाणी परत ओढून घेणारा छोटा वॉल्व पण त्याच झाकणात असतो, तोच अडकला होता. झाकण बदललं, हवा काढली, प्रश्न संपला. आणि कळकळीनं सांगतो, गरम गाडीचं झाकण कुणी उघडू नका, आमच्या गल्लीतल्या एका ड्रायव्हर दादांचा हात कोपरापर्यंत भाजलाय.

अमळनेरकर
मनी गाडी उभी ऱ्हायनी का तापस, चालनी का बरी! फाटकावर थांबलं की काटा वर, हायवेला लागलं की खाली. मिस्तरीभाऊ म्हणे रेडिएटर बदला. मी आधी एसी लावून बघितलं तर रेडिएटरचा पंखा फिरेचना, बॅटरीवरून डायरेक्ट वायर दिली तर मस्त फिरला, म्हणजे मोटर चांगली. रिले (पंख्याला करंट देणारा स्विच) गेलेला. रेडिएटर अजून तोच आहे.

जिनिंगवाला, धरणगाव
आमचं बरोबर उलटं, गावात ठीक आणि ऐंशीच्या स्पीडला तापायची. कापसाच्या सीझनमध्ये दिवसभर गाडी जिनच्या आवारात उभी. समोरून जाळी स्वच्छ दिसायची पण एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी) सोडवला तर त्याच्या आणि रेडिएटरच्या मधे कापसाचा तंतू अन् धूळ मिळून गादीच झालेली, हवा जाणार कुठून. कमी प्रेशरचं पाणी इंजिनच्या बाजूनं पुढं मारा, जोरात मारलं तर पत्र्या वाकतात.

नंदुरबारहून ताई
आमच्या गाडीचा हीटर कधी गरमच झाला नव्हता, इथं कुणाला लागतो म्हणून लक्षही जात नाही. डिसेंबरात तोरणमाळला पहाटे निघालो तर काच आतून धुक्यानं भरली, हवा थंड आणि काटा खालून हलेना. आधीच्या मालकानं थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारा वॉल्व) काढून टाकला होता, आपल्याकडच्या गर्मीत काय कामाचा म्हणून. तो ८० ते ९० डिग्रीच्या दरम्यान उघडतो, काढला तर इंजिन गरमच होत नाही, डिझेल जास्त खातं आणि हीटरही मेला. नवीन बसवला, दोन्ही सुधारलं.

धुळे, बोअरचं पाणी
ताई, थर्मोस्टॅट ठीक असूनही हीटर थंड असेल तर डॅशबोर्डमागं जाणारे दोन होज सांभाळून हात लावून बघायचे. दोन्ही गरम म्हणजे पाणी फिरतंय, हवेचा फ्लॅप अडकलाय. दोन्ही थंड म्हणजे पाणी कमी, हवा अडकलेली किंवा वॉटर बॉडी (पाणी फिरवणारा पंप) गेली. एक गरम एक थंड म्हणजे हीटरची कॉइल (डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर) चोक, आमच्याकडं हेच झालं. वर्षानुवर्षं बोअरचं खारं पाणी ओतून आत पांढरा थर. उलट्या बाजूनं फ्लश केलं, आता कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं.

शिरपूर
बिजासन घाटात हीटर कधी गरम कधी थंड, खाली एक थेंब नाही तरी पाणी कमी व्हायचं. सकाळी थंड गाडी चालू केली की लगेच वरचा होज दगडासारखा कडक, रेडिएटरमधे बुडबुडे. हेड गॅस्केट (इंजिनच्या हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) गेलेलं. ऑईल दुधाळ झालेलं नव्हतं म्हणून एका गॅरेजवाल्यानं आधी नाहीच म्हटलं, पण ते प्रत्येक वेळी होतंच असं नाही. हेड फेसिंग करून गॅस्केट टाकलं.

साक्री
दादा, माझ्या गाडीत डाव्या सीटपुढचं मॅट ओलं होतं आणि गोडसर वास येतो, काटा मात्र नॉर्मल. एसीचं पाणी असेल का?

धुळे, बोअरचं पाणी
बोटावर घेऊन बघा, चिकट लागलं तर कूलंट, कॉइल गळतेय. एसीच्या पाण्याला वास आणि चिकटपणा नसतो. जिभेला लावू नका, विषारी असतं. कॉइल मिळेपर्यंत दोन्ही होज एकमेकांना जोडून गाडी चालवता येईल, पण थंडीच्या आधी कॉइल बसवूनच घ्या आणि रोज सकाळी थंड गाडीत बाटलीची लेव्हल बघा.