टाऊचा बँड की उंदराचंच आयजीजी? वेस्टर्न ब्लॉटसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, इथे टाऊवर (मेंदूच्या पेशींमधलं एक प्रथिन) काम करणारं कुणी आहे का? पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे आणि तीन आठवडे वेस्टर्न ब्लॉटमधल्या (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटीबॉडीने ओळखायची पद्धत) एकाच बँडशी, म्हणजे पट्टीशी, भांडतेय.

साध्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसचा (मेंदूचा एक भाग) लायसेट, म्हणजे पेशी फोडून काढलेला अर्क आहे, उंदीर ट्रान्सजेनिक (बाहेरचं जनुक घातलेले) वगैरे नाहीत. प्रायमरी अँटीबॉडी (प्रथिनाला थेट चिकटणारी) एटी८, म्हणजे टाऊला सेरीन २०२ आणि थ्रिओनिन २०५ या जागी फॉस्फेट लागलेला असेल तर धरते ती. बँड ५० किलोडाल्टनच्या आसपास, चांगला जाडजूड. सर खूश, म्हणाले फिगरमध्ये टाक. मला मात्र खटकत होतं, कारण औषध दिलेल्या आणि न दिलेल्या उंदरांत काडीचा फरक नाही आणि खाली २५ ला पण एक फिकट पट्टी दिसतेय.

म्हणून काल मेंब्रेनची एक लेन कापून प्रायमरी न घालता नुसती अँटी-माऊस सेकंडरी (उंदराच्या अँटीबॉडीला चिकटून बँड दाखवणारी) घातली, तर तोच बँड, तिथेच! पोटात गोळाच आला. एटी८ उंदराची, नमुना पण उंदराचा, म्हणजे सेकंडरी रक्तातल्या आयजीजीलाच (उंदराच्या स्वतःच्या अँटीबॉडीला) चिकटतेय ना? त्याची हेवी चेन ५०, लाईट चेन २५, आणि टाऊ पण ५० ते ६५ मध्येच कुठेतरी. मेंदू काढायच्या आधी सलाईनने परफ्यूजन करून रक्त धुऊन काढलं नव्हतं, घाई नडली. (टोटल टाऊसाठी आधी एचटी७ लावली होती, ती माणसाचा टाऊ ओळखते, उंदराचा नाही, हे कळेपर्यंत एक जेल वाया.)

नवीन उंदीर लगेच मिळणार नाहीत, तर उणे ८० च्या फ्रीजरमधल्या ह्याच नमुन्यांचं काही करता येईल का?

प्रतिसाद: लायसेट उकळ. टाऊ उष्णतेला दाद देत नाही, आयजीजीसकट बाकी बरंच काही साकळून तळाला बसतं, सेंट्रिफ्यूज करून वरचं घे. मात्र बफरमध्ये एसडीएस (प्रथिनं विरघळवून ठेवणारा डिटर्जंट) नको, नाहीतर काहीच बसणार नाही. अ‍ॅक्टिन (तुलनेसाठी बघतात ते प्रथिन) पण त्यात शोधू नकोस, तो मूळ लायसेटवर वेगळा चालव. आणि कुणाकडे टाऊ नॉकआऊटचा (टाऊचं जनुकच बंद केलेल्या उंदराचा) मेंदू असेल तर चिमूटभर मागून घे, त्यात बँड दिसला की तो टाऊ नाही, विषय संपला.

धागाकर्ती: अरे देवा, माझा सगळा लायसेट रिपा बफरमध्ये आहे, एसडीएस आलंच :(

प्रतिसाद: मग फक्त लाईट चेन धरणारी अँटी-माऊस सेकंडरी मागव. ५० चा बँड जाईल.

धागाकर्ती: २५ चा राहील ना पण?

प्रतिसाद: राहू दे की, तिथे तुला काय बघायचंय?