बॉक्सर शकूर स्टीव्हनसन खरंच व्हिटेकरसारखा खेळतो का? मदत हवी आहे

सगळे शकूरला दुसरा पर्नेल व्हिटेकर म्हणतात, दोघेही डावखुरे आणि दोघांना ठोसा लागतच नाही हे मान्य, पण व्हिटेकर कमरेत वाकून पार गुडघ्यापर्यंत खाली जायचा आणि तिथेच समोर उभा राहायचा, शकूर मात्र पुढच्या हाताने समोरच्याचा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) दाबतो आणि अर्धं पाऊल मागे सरकतो, मला तरी हे वेगळंच वाटतं. व्हिटेकरची १९९३ची चावेझ फाइट (ड्रॉ दिली, डोंबलाचा ड्रॉ!) आणि १९९०ची नेल्सनविरुद्धची, शकूरच्या व्हाल्देझ आणि झेपेडा या पाहून झाल्यात. हायलाइट्स नकोत, त्यात पाय दिसत नाहीत, आणि मेवेदरशी तुलनाही नको. व्हिटेकरच्या लाइटवेट वजनगटातल्या नेमक्या कुठल्या फाइटमध्ये, कुठल्या राउंडला तो शकूरसारखा लांबून खेळलाय?