दम्याची धाप थांबली म्हणजे सगळं ठीक का?

ताई, तुम्ही लिहिलंत की दम्याचा पंप (श्वासातून औषध घ्यायचा इन्हेलर) सुरू केल्यापासून मुलीची धाप थांबली, तरी ती खेळायला जायला तयार नसते. मला वाटतं, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. दम्याच्या ७ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी संशोधक एलिझाबेथ ज्युनिपर यांनी १९९६ मध्ये २३ प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात लक्षणांवर १० प्रश्न आहेत, पण ८ प्रश्न भावनांवर: गेल्या आठवड्यात भीती वाटली का, चिडचिड झाली का, इतरांपेक्षा वेगळं वाटलं का. उत्तरं मूलच देतं, आणि दम्यामुळे अडणाऱ्या तीन गोष्टीही तेच निवडतं. मला यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं, कारण आपण आईबाप फक्त खोकला मोजतो.

आमच्या गोव्यातल्या फोंड्यात माझा भाचा फुटबॉलच्या वेळी मैदानाच्या कडेला इतरांच्या बाटल्या सांभाळत बसायचा. विचारलं तर "पाय दुखतात". खरं म्हणजे सगळ्यांसमोर पंप घ्यायची लाज. डॉक्टरांच्या सल्ल्याने तो आता खेळाआधी घरीच स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या नळीतून) औषध घेतो, आणि सरांनाही सांगून ठेवलंय.

दम्याला त्रास देणाऱ्या गोष्टी टाळायच्याच: पावसात भिंतींना येणारी बुरशी पुसायलाच हवी. दिवाळीच्या पहाटे नरकासुराचा पुतळा जाळतात तेव्हा मुलीला धुरापासून लांब ठेवा, पण आदल्या दिवशी तो बांधायला मात्र तिला जरूर पाठवा.