कळ, खटका, दुपाखी: दोन तुकड्यांच्या कीबोर्डसाठी शब्द हवेत

प्रश्न

गेल्या पावसाळ्यापासून माझ्या उजव्या मनगटात कळ येत होती. डॉक्टर झाले, पट्टा झाला, शेवटी साधा कीबोर्ड बाजूला ठेवून दोन तुकड्यांचा घेतला. त्याला कॉर्न म्हणतात, मक्याशी संबंध नाही. जपानमधल्या एका हौशी माणसाने आराखडा करून सगळ्यांना खुला ठेवलाय. एका हाताला २१, दुसऱ्याला २१, अशा ४२ कळा. मनगट आता बरंच गप्प आहे.

आता माझ्या जाऊबाईंना तसाच हवाय. त्या डीटीपी करतात, दिवसाचे आठ-नऊ तास मराठी टाइप. त्यांच्यासाठी चार पानं लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडले. अर्गोनॉमिकला, म्हणजे शरीराला त्रास होऊ नये अशा बेताने केलेल्या वस्तूला, काय म्हणू? कस्टमाइज्डला 'सानुकूलित' लिहिलं तर जाऊबाई फोन करून हसतील. शिवाय प्रत्येक कळीखालचा स्विच, लेअर, आणि दोन्ही तुकडे मधल्या बाजूने उचलून उतरते ठेवतात ते टेंटिंग. कळफलक शब्द मला ठीक वाटतो, पण बोलताना कुणी वापरतं का?

प्रतिसाद १

कीबोर्डला कीबोर्डच म्हणा, जाऊबाईंनाही तेच कळेल. बाकी चालू द्या.

प्रतिसाद २

कळफलक कुणी बोलत नाही, मान्य. पण त्यातली कळ सोडू नका. कळ म्हणजे यंत्राचा असा भाग, की तो हलवला की पुढचं सगळं हलतं. कुलपात ती आहे, कळसूत्री बाहुलीत आहे, 'कळीचा मुद्दा' म्हणतो त्यातही तीच. मनगटात येते ती वेगळी, पण अनेकवचन दोघींचंही कळाच. तुमचे पहिले दोन परिच्छेद मी त्यामुळे दोनदा वाचले. कळा येत होत्या म्हणून कळा बदलल्या!

आता जरा अवांतर. इनस्क्रिप्टवर 'कळफलक' टाइप करून बघा. ही १९८६ साली सरकारने ठरवलेली मांडणी. स्वर डावीकडे, व्यंजनं बहुतेक उजवीकडे. क उजव्या मधल्या बोटाखाली. ळसाठी शिफ्ट धरून ल ची कळ, फसाठी शिफ्ट धरून प ची कळ, मग नुसता ल, मग पुन्हा क. शब्दाला काना नाही, मात्रा नाही, त्यामुळे डाव्या हाताला शिफ्ट धरण्यापलीकडे काम नाही. मधली तिन्ही अक्षरं लागोपाठ एकट्या उजव्या तर्जनीवर: खालच्या ओळीत, मधल्या ओळीत, परत खाली. बोटांना आराम देणाऱ्या वस्तूचं नाव लिहायला एकच बोट राबवायचं, हे काही बरं नाही.

यावर तुमच्या कॉर्नमध्ये उपाय आहे. अंगठ्याखालच्या एखाद्या कळीवर 'शिफ्ट अधिक एन' बसवून टाका. इनस्क्रिप्ट चालू असलं की तीच ळ होते, एका दाबात. मराठीत ळ किती लागतो ते जाऊबाईंना सांगायला नको.

प्रतिसाद ३

ताई, मी साताऱ्याला बरीच वर्षं टायपिंग इन्स्टिट्यूट चालवली. मराठी ३० आणि ४० च्या परीक्षेला पोरं बसवायचो, त्यामुळे दोन शब्द बोलतो.

सानुकूलितची गरजच नाही. शिंपी माप घेऊन कापड बेततो, तसा हा कीबोर्ड बेतलेला. 'ळ अंगठ्याखाली बेतून घेतला' असं म्हणून बघा, कुठे अडतं का?

अर्गोनॉमिकला 'हाताजोगता' घ्या. जुना शब्द आहे, घरातला आहे. चष्मा हाताजोगता ठेव म्हणतो तेव्हा अर्थ 'हाताशी' असा होतो हे खरं, पण हाताला जोगता म्हणजे हाताला साजेसा, हाही अर्थ त्यात बसतो.

साध्या कीबोर्डवर कळांच्या ओळी एकाखाली एक सरळ का नसतात, हे पोरं मला विचारायची. मी टाइपरायटरचं मशीन उलटं करून दाखवायचो. प्रत्येक कळीखालून एक पट्टी मागे जाते. खालच्या ओळीच्या पट्ट्यांना वरच्या ओळीच्या पट्ट्यांमधून वाट हवी, म्हणून ओळी थोड्या थोड्या सरकवलेल्या. शोल्सचं मशीन रेमिंग्टनने १८७४ साली बाजारात आणलं, तेव्हापासूनचा हा तिरकेपणा. पट्ट्या गेल्या, तो राहिला. तुमच्या कीबोर्डवर उभ्या रांगा सरळ आहेत आणि मधल्या बोटाची रांग जरा वर, करंगळीची खाली. हाताचा पंजा टेबलावर ठेवलात की कारण दिसतं.

आणि अंगठे! हातातली सगळ्यात दणकट बोटं, पण दोघांत मिळून काम एकच, स्पेसबार. इकडे करंगळी शिफ्ट, कंट्रोल, एंटर, बॅकस्पेस असा गोवर्धन उचलून उभी. तुमच्यात प्रत्येक अंगठ्याला तीन कळा दिसतात. म्हणजे तुम्ही सगळे अंगठेबहाद्दर. रागावू नका, आमच्या वेळी ही शिवी होती.

प्रतिसाद ४

लेअर म्हणजे थर, यात चर्चा कसली? मी ठाण्याचा आहे. ४२ कळांत आकड्यांची ओळच नसते. अंगठ्याने एक कळ धरून ठेवायची, की अक्षरांच्याच कळांवर आकडे येतात. खालच्याने सोडलं की वरचा थर कोसळला, परत अक्षरं. गोविंदांना हे समजावून सांगावं लागणार नाही. एकदा दाबला की धरून न ठेवताही टिकतो असा थरही लावता येतो, पण त्यात मजा नाही.

प्रतिसाद ५

स्विचला खटका. विजेच्या बटणालाही आमच्याकडे म्हातारी माणसं खटकाच म्हणतात. खटका उडणे म्हणजे भांडण, तेही या छंदात भरपूर मिळतं. कुठला खटका चांगला यावर लोक आठवडाभर हमरीतुमरीवर असतात.

प्रकार तीन. नुसता खाली जाणारा तो सरळ. वाटेत बोटाला काहीतरी लागल्यासारखं होतं तो ठेचेचा. वर आवाजही करतो तो टिचकीचा. चेरी कंपनीच्या खटक्यांत हेच लाल, तपकिरी, निळे. नेहमीच्या खटक्याची पूर्ण चाल साधारण ४ मिलिमीटर, आणि अर्ध्या वाटेवरच अक्षर उमटतं. तळाशी आपटायची गरज नसते, तरी आपण सगळे आपटतो.

प्रतिसाद ६

ठेचेचा म्हटल्यावर मला मिरची आठवली. 'गाठीचा' कसा वाटतो? दोऱ्यावरून बोट फिरवताना गाठ लागते तसं.

टेंटिंगला तंबू नको. कोकणात दोन्ही बाजूंना उतरत्या छपराला दुपाखी म्हणतात. दोन पाखी, मधे आढं. अंगठ्यांकडची बाजू उंच, करंगळीकडची खाली: कीबोर्ड दुपाखी ठेवला, झालं. फायदाही त्यातच दिसतो, तळहात जमिनीकडे पालथा पिळायला लागत नाही.

आणि या नादाला लागलेल्यांना हौशी म्हणू नका, दर्दी म्हणा. निम्मे दुखण्यामुळे आलेत, निम्मे खटक्याचा आवाज डोळे मिटून ऐकतात. दोघेही दर वेळी 'बस, हा शेवटचा' म्हणतात. माझा चौथा शेवटचा परवा आला.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. बेतणे, थर, खटका, दुपाखी हे चारही घेतले. गाठीचाही घेतला, ठेचा वगळला. 'हाताजोगता'वर अजून एक दिवस विचार करते.

एक शब्द राहिला. एकच कळ पटकन दाबली तर अक्षर, दाबून धरली तर कंट्रोल, अशी सोय मी मधल्या ओळीवर केली आहे. मी त्याला टिचकी आणि चेपणं म्हणते. दोन्हींतली सीमा क्यूएमकेमध्ये, म्हणजे कीबोर्डच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, मुळात २०० मिलिसेकंद असते, आणि माझी बोटं थंडीत त्याहून मंद चालतात. कंट्रोल माझ्या के वर आहे. मागच्या महिन्यात सासूबाईंना लांबलचक पत्र लिहीत होते, रोमनमधून मराठी. शेवटी 'कसे आहात' लिहायचं म्हणून के जरा रेंगाळला आणि ए पडला. कंट्रोल-ए झालं, सगळं पत्र निळं. पुढच्या एस ने ते पुसलं. पडद्यावर एकटा 'स' उरला. पत्र परत आणलं, पण सीमा त्याच रात्री वाढवली. तर या सीमेला काय म्हणू?

प्रतिसाद ७

दम. 'जरा दम धर' मधला. 'दम २०० वरून २५० केला.'

मूळ प्रश्नकर्ती

घेतला. पहिलं पान जाऊबाईंना पाठवलं होतं, त्यांचा निरोप आला: 'दुपाखी कळलं, थर कळले, दम कळला. ळ अंगठ्याखाली कधी देतेस?'