उन्हाळा आणि जुनं दुखणं: तुमच्या घरात कसं निभावता?

नागपूर, यजमान डायलिसिसवर
एप्रिल उजाडला की फोनवर तेच ते सल्ले: भरपूर पाणी प्या, नारळपाणी प्या. आमच्याकडे दोन्ही बंद. लघवी जवळजवळ होत नाही, त्यामुळे दिवसाचं पाणी डॉक्टरांनी मोजून दिलंय. चहा, वरणाचं पातळ, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्यातच. नारळपाण्यातलं पोटॅशियम किडनी बाहेर टाकत नाही, ते साचलं तर थेट हृदयाच्या ठोक्यांवर येतं. म्हणून सकाळीच मापाची बाटली भरून ठेवते, त्यातल्या थोड्या पाण्याचा बर्फ लावते. एक खडा तोंडात बराच वेळ पुरतो. लोणचं-पापड ताटातून गेल्यावर तहानही उतरली. पाहुण्यांचा आग्रह तेवढा उतरत नाही! तुम्ही काय करता, लिहा. औषधांचं डॉक्टर सांगतातच, मला घरातली जुळवाजुळव ऐकायचीय.

अकोला, मधुमेह
माझं दुखणं इन्सुलिन सांभाळायचं. न उघडलेलं २ ते ८ अंशांत लागतं. वापरातलं महिनाभर बाहेर चालतं म्हणतात, पण ते २५-३० अंशांच्या खोलीत. आमच्याकडे मे महिन्यात मध्यरात्रीही खोली तेवढी निवत नाही, त्यात लाइट जाते. मग पसरट मडक्यात ओली वाळू, वाळूत लहान मडकं, त्यात डबीत इन्सुलिन आणि वर ओलं फडकं. फ्रिजइतकं गार होत नाही, पण वापरातल्या पेनाचं भागतं. फ्रिज असला तरी बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन फेकायचंच.

दुसरं, उन्हात इन्सुलिन अंगात लवकर भिनतं. दरदरून घाम सुटला की तो उन्हाचा की साखर उतरल्याचा, कळत नाही. अशा वेळी अंदाज नाही, सरळ साखरेचं मीटर काढतो. त्याच्या पट्ट्यांची डबीही स्कूटीच्या डिकीत ठेवत नाही.

गडचिरोली, मुलीला सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार)
नागपूरच्या ताई, आमचं नेमकं उलटं आहे. पोरीला पाणी कमी पडलं की हातपाय असे ठणकतात की रात्रभर कण्हते. या आजारात किडनी पाणी धरून ठेवत नाही, म्हणून लघवीही जास्त. शाळेत बाईंना सांगून ठेवलंय, बाटली बाकावरच राहील आणि लघवीला जायला परवानगी लागणार नाही. मे महिन्यात तेंदूपानाचा हंगाम, आम्ही दोघं पहाटेच जंगलात जातो. निघताना आजीसमोर दोन बाटल्या भरून ठेवायच्या, आम्ही येईस्तोवर रिकाम्या पाहिजेत. आजीचा पहारा कडक! तलावात डुंबायला मात्र पाठवत नाही, एकदम गार पाण्यानंही दुखणं उठतं. बाकीची पोरं जातात, तेव्हा ही रडते. त्यावर उपाय सापडला नाही.

पुणे, मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि नसांचा आजार)
अंग जरा तापलं की माझ्या एका डोळ्यापुढे धुरकट होतं, पाय जड पडतात. उथॉफ नावाच्या जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरांनी हे १८९० मध्येच नोंदवलंय. आवरण झिजलेल्या नसांतून संदेश उष्णतेत नीट पोचत नाहीत. गार झालं की बहुतेक वेळा नजर परत येते. हे कळेपर्यंत दर वेळी नवा झटका आला म्हणून घाबरायचे. आता बँकेची कामं सकाळी, आंघोळ कोमट पाण्यानं आणि गळ्याभोवती ओला पंचा. ‘ऊन सगळ्यांनाच लागतं गं’ म्हणणाऱ्यांना उत्तर देणं सोडलंय.

ठाणे
मनाच्या आजारावर लिथियमची गोळी घेतो. घाम किंवा जुलाबानं पाणी-मीठ घटलं की रक्तातली पातळी चढते, म्हणून उन्हाळ्यात उपास बंद. हात नेहमीपेक्षा जास्त थरथरले की डॉक्टरांना फोन. आईला हे पटवायला आजारापेक्षा जास्त वेळ लागला.

रत्नागिरी, वडिलांचं हृदय कमजोर
बाबांनाही पाणी मोजूनच, वर लघवीची गोळी. रोज सकाळी वजन लिहितो. एकदम वाढलं किंवा उठताना चक्कर आली, तर डॉक्टर डोस बदलतात. मनानं गोळी बंद करत नाही. अकोल्याचे दादा, वाळू कितीदा भिजवता? काकूंचं इन्सुलिन आहे.

अकोला
सकाळ-संध्याकाळ. मडकं वाऱ्याच्या खिडकीत, सावलीत ठेवा. पण तुमच्याकडची हवा दमट, पाणी उडणार नाही आणि मडकं फारसं निवणार नाही. तुम्ही थर्मासच बघा, फक्त पेन बर्फाला लागू देऊ नका.