झीलेटेक: मोडी, देवनागरी, इंग्रजी एकाच पानावर, फॉन्ट कसे लावायचे?

मोडीवेडा:
पणजोबांची मोडी पत्रं झीलेटेकमध्ये (आज्ञा लिहून पानं जुळवणारा प्रोग्रॅम) पुस्तकात बसवतोय, वर मोडी, खाली देवनागरी लिप्यंतर आणि टिपा इंग्रजीत कारण भाचरं परदेशात वाढलीत. दोन अडचणी आहेत. एक, ल आणि श हिंदी वळणाचे येतात, आईने बघितल्या बघितल्या विचारलं हे असे का. दुसरं, मोडीच्या जागी नुसते चौकोन, आणि एरर पण नाही. फॉन्ट नोटो सान्स देवनागरी, सेटिंग एका हिंदी टेम्प्लेटमधून उचललंय.

खिळेजुळारी:
टेम्प्लेटमध्ये लँग्वेज=हिंदी असणार, ते मराठी करा, स्क्रिप्ट (म्हणजे लिपी)=देवनागरी तसंच राहू द्या. फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, भाषा सांगितली की पाकळीचा ल आणि देठाचा श येतो. सगळ्याच फॉन्टात ही सोय नसते, तसं झालं तर टिरो देवनागरी मराठी घ्या, त्यात मराठी वळण मुळातच आहे.
मोडीचं म्हणाल तर या फॉन्टमध्ये मोडी नाहीच, आणि टेक (झीलेटेकच्या मुळाशी असलेला प्रोग्रॅम) काही वर्डसारखा आपणहून दुसरा फॉन्ट शोधत नाही, लॉगमध्ये, म्हणजे कामाच्या नोंदींच्या फाइलमध्ये, मिसिंग कॅरेक्टर लिहून पुढे जातो. ट्रेसिंगलॉस्टचार्स=3 ठेवा, टेक लाइव्ह 2021 पासून (टेक लाइव्ह म्हणजे टेकचा दरवर्षी निघणारा संच) त्याने अक्षर नसलं की सरळ एरर येते. छपाईला द्यायच्या फाइलमध्ये तर ते हवंच. मोडीसाठी नोटो सान्स मोडीची वेगळी फॉन्ट फॅमिली करा.

मोडीवेडा:
ल, श एकदम मस्त आले!! मोडी पण उमटली, पण जोडाक्षरं तुटतात.

खिळेजुळारी:
मग त्या फॅमिलीला स्क्रिप्ट लावलेली नाही. स्क्रिप्ट=मोडी द्या, फॉन्टस्पेकने (फॉन्ट लावणारं पॅकेज) नाव ओळखलं नाही तर न्यूफॉन्टस्क्रिप्ट कमांडने मोडीचा चार अक्षरी टॅग जोडा.

बखरवाचक:
मजकूर युनिकोड मोडीतच टाइप केलाय ना ते पण बघा. मोडी युनिकोडमध्ये 2014 ला आली, त्याआधीच्या फॉन्टांमध्ये देवनागरी किंवा इंग्रजी अक्षरांवरच मोडीचे आकार चढवलेले असायचे, तसली फाइल नव्या फॉन्टने उघडली की भलतंच दिसतं.
आणि एक, लिपी बघून फॉन्ट आपोआप बदलणारं यूकारक्लासेस पॅकेज वापरणार असाल तर स्वल्पविराम आणि कंस कुठल्या फॉन्टमधून येतायत ते प्रिंट काढून तपासा. माझ्या पुस्तकात ते इंग्रजी फॉन्टचे आले, मराठी ओळीत बारीक दिसायचे. शेवटी शोभिका घेतला, आयआयटी मुंबईचा, त्यात देवनागरी आणि रोमन दोन्ही आहेत, मग मोडीपुरताच फॉन्ट बदलावा लागला.

मोडीवेडा:
स्क्रिप्ट दिल्यावर जोडाक्षरं जुळली. पहिलं पत्र अख्खं लागलं, आईला दाखवायला घेऊन चाललोय.